विनंती थांबा

चाफेआळीत चाफ्याचं झाड एकही उरलं नव्हतं, पण गडगे शाबूत होते. जांभ्याचे चिरे एकावर एक रचून घातलेलं कुंपण म्हणजे गडगा. रत्नागिरीच्या माणसाचा जीव आंब्यात असतो अशी बाहेरगावच्या लोकांची समजूत आहे. ती त्यांनी खुशाल बाळगावी. कलमावरचे चार आंबे कुणी उतरवून नेले तर इथला माणूस आठ दिवस बडबडतो आणि विसरतो. गडगा वीतभर सरकला तर मात्र बोलणंच बंद.

चिंतामणराव सोहोनी आणि शेजारचे हरिश्चंद्र मुळ्ये यांचं बोलणं असंच वीसेक वर्षं बंद होतं. एका पावसाळ्यात दोन घरांमधला गडगा कोसळला आणि पुन्हा रचताना तो वीतभर आपल्या अंगणात सरकला, असं दोघांचंही म्हणणं होतं. एकच गडगा एकाच वेळी दोन्हीकडे कसा सरकेल, हे विचारायची आळीत कुणाची छाती नव्हती. प्रकरण कोर्टात गेलं नाही, कारण दोघांचीही हयात कोर्टाच्या कारकुनीत गेलेली. कोर्टात जाणाऱ्याचं काय होतं ते दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. तेव्हा दोघांनी नुसतं न बोलण्यावर भागवलं.

त्यांच्या बायका मात्र बोलत होत्या. मागच्या विहिरीपाशी त्या गडग्याला एक खिंडार होतं. ते बुजवायचं तर गडगा नेमका कुठून जातो ते आधी ठरवावं लागलं असतं, म्हणून ते तसंच राहिलं होतं. त्या खिंडारातून मालिनीबाई सोहोन्यांचा कढीलिंब मुळ्यांच्या आमटीत जाई आणि कमळाबाई मुळ्यांचे फणसाचे गरे इकडे येत. दोन्ही नवऱ्यांना हे माहीत होतं. ते गरे खात आणि कुठून आले हे विचारत नसत.

मालिनीबाईंना गडग्याचं सुखदुःख नव्हतं. त्यांचा जीव होता दुपारच्या बसमध्ये. स्टँडवरून निघणारी शहर बस आळीतून वळसा घेऊन मांडवीला जाई, आणि मांडवीला त्यांची थोरली बहीण गंगाक्का राहत असे. गंगाक्काचे पाय थकले होते, जीभ आणि पत्ते थकले नव्हते. रोज दुपारी दोघी बहिणी झब्बू खेळत. गंगाक्का उघड उघड लबाडी करी, पकडली की म्हणे, "थोरल्यांस चालतं." त्या तासाभरात मालिनीबाईंना कुणी चहा मागत नसे, कुणाचा चष्मा शोधावा लागत नसे. साठी उलटलेल्या बाईला कुणीतरी "अगो पोरी" म्हणणारं एवढं एकच घर उरलं होतं.

आणि दोन हजार तीन सालच्या एप्रिलात त्यांच्या लेकीनं, ऋजुतानं, जेवता जेवता सांगितलं की बस बंद होणार.

ऋजुता नगरपालिकेत इंजिनिअर होती. शिकायला मुंबईस गेली, शिकली आणि सगळ्यांना चकित करून परत आली. "बंद म्हणजे आळीतून बंद," ती म्हणाली. "जूनपासून बाहेरच्या मोठ्या रस्त्यानं जाईल. डेपोवाल्यांचं बरोबर आहे, आई. आपल्या घरापाशी रस्ता इतका चिंचोळा आहे की बस आली की माणसं गटारात उतरतात. उद्या कुणाला लागलं म्हणजे?"

"मग रस्ता रुंद करा," चिंतामणराव म्हणाले. "नगरपालिका कशास आहे?"

"रुंद केला की गाड्या जोरात जातील. रस्ता गाड्यांना आहे एवढाच ठेवायचा, आणि एका बाजूनं चालणाऱ्यांना पदपथ. नीट, सपाट, सलग. तो झाला तर बस आळीतच ठेवतो असं डेपोनं कबूल केलंय. बाकी सगळ्यांनी जागा सोडली बाबा. दोनच गडगे राहिलेत."

कुठले, ते तिनं सांगितलं नाही. चिंतामणरावांनी ताकाचा पेला खाली ठेवला.

"किती?"

"दोन हात."

"दोन हात! वीतभरासाठी मी त्या माणसाशी वीस वर्षं बोललो नाही, आणि तू दोन हात मागत्येस?" त्यांनी ताटातला भात कालवला. मग कारकुनी आवाजात म्हणाले, "बरं. आधी त्यांनी घ्यावा मागं. मग मी पाहीन."

दुसऱ्या दिवशी खिंडारापाशी मालिनीबाईंनी विचारलं, "तुमच्याकडे काय म्हणाले?"

कमळाबाईंनी कढीलिंब पदरात घेतला. "काय म्हणणार? आधी सोहोन्यांनी."

त्यानंतर महिनाभर जे चाललं ते पाहून आळीची चांगली करमणूक झाली. ऋजुतानं कबड्डीच्या मैदानाला आखतात तशी फक्कीची पांढरी रेघ सगळ्या आळीतून आखून घेतली, म्हणजे पदपथ कुठून जाईल ते लोकांना डोळ्यांनी दिसावं. रेघ सरळ आली, आणि या दोन घरांपाशी गडग्यांवर चढून पलीकडे अंगणात उतरली. मोजणी आली अशी हाकाटी झाली. आळीतले म्हातारे जुने उतारे काखेत मारून बाहेर आले आणि ऋजुताला तीन पिढ्यांची कुळकथा ऐकावी लागली. चिंतामणरावांनी मात्र उजाडताच, कुणी पाहत नाही असं पाहून, रेघेपलीकडे आपली जागा किती जाते ते हातानं मोजलं. मग मुळ्यांची मोजली. मुळ्यांची चार बोटं जास्त जात होती. त्या दिवशी त्यांनी दोन वेळा चहा मागितला आणि दोन्ही वेळा तो छान झाल्याचं सांगितलं.

एका संध्याकाळी ऋजुतानं अंगणात चिऱ्याचे तुकडे रचून आईला त्यांवर चढायला लावलं. आधी एक उंची, मग जरा कमी, मग आणखी कमी.

"हा काय खेळ गो?" मालिनीबाईंनी विचारलं.

"पदपथाची उंची ठरवत्ये. बाहेर ठिकठिकाणी गुडघाभर उंच बांधून ठेवतात आणि मग माणसं खालूनच चालतात. तुझ्या गुडघ्याला जी सोसेल ती सगळ्या गावाला सोसेल."

मालिनीबाई तिसऱ्या तुकड्यावर सहज चढल्या, तेव्हा लेकीनं टेप लावून आकडा लिहून घेतला. आपला दुखरा गुडघा सरकारी कामाला उपयोगी पडेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांना हसू आलं. पण मे संपत आला होता आणि गडगे जागच्या जागी होते.

तात्पुरता म्हणून एक खांब मात्र उभा राहिला होता, बरोबर दोन्ही घरांच्या गडग्यांच्या सांध्यावर. त्यावर पिवळी पाटी: विनंती थांबा. म्हणजे हात दाखवलात तर बस थांबेल, नाही तर पुढं जाईल.

चिंतामणरावांनी पाटी दोनदा वाचली. "विनंती कोणी करायची?"

"उतारूनं," मालिनीबाई म्हणाल्या. "नुसता हात वर करायचा."

"सोहोन्यांनी आजवर कुणास विनंती केली नाही."

तोंडानं असं म्हणत असले तरी बायकोची पिशवी घेऊन ते रोज खांबापर्यंत येत, कारण वाटेत गटारावरची फरशी हलत होती. बस दिसली की मालिनीबाई हात वर करीत आणि हे हात पाठीमागे बांधून बसकडे असं पाहत, जणू तिनं आपण होऊन शिष्टाचार पाळावा. एकदा मालिनीबाईंना शिंक आली आणि हात वर करायचा राहिला. बस निघून गेली. चिंतामणराव जागचे हलले नाहीत. त्या दिवशी त्यांनी स्कूटर काढली, बायकोला मागं बसवलं, आणि मांडवीच्या उतारावर एका कोंबडीला वाचवताना दोघांनाही माडाच्या आळ्यात उतरवलं. लागलं कुणाला नाही. पण मालिनीबाईंनी तिथंच, साडी झटकत, जाहीर केलं की यापुढं त्या या वाहनावर बसणार नाहीत.

"मग जूनपासून जाशील कशी?"

"जाणार नाही," त्या म्हणाल्या. "बाहेरच्या रस्त्यापर्यंत हा गुडघा पोचत नाही. गंगाक्का एकटीच दोन हात खेळेल. तुमचे आणि मुळ्यांचे गडगे मात्र सुखात राहोत."

त्या हे भांडणाच्या सुरात म्हणाल्या नाहीत, म्हणून चिंतामणराव स्कूटर आळ्यातून बाहेर ढकलू लागले. रात्री त्यांनी जेवताना मीठ मागितलं नाही, जे रोज मागत.

आळीतून बस येण्याचा शेवटचा दिवस उजाडला. मालिनीबाईंनी गंगाक्कासाठी आंबापोळी घेतली आणि पत्त्यांचा नवा जोड घेतला. जुन्यातला किलवर गुलाम गंगाक्काच्या हातून इतका मळला होता की पाठीवरूनही ओळखू येई. खांबापाशी दोघं उभी राहिली. बस आली, मालिनीबाईंनी हात वर केला, आणि बाबू कंडक्टरनं दार उघडलं. हा बाबू संगमेश्वराकडचा, उतारूंशी घरच्यासारखा बोलणारा.

"या काकी. वायच दांड्याला धरा. आजचा शेवटचा दिस ना आमचा हितला?"

"हो रे," त्या म्हणाल्या आणि खिडकीशी बसल्या. खाली चिंतामणराव पाठीमागे हात बांधून उभे होते. त्यांना काहीतरी बोलायचं होतं असं मालिनीबाईंना वाटलं, पण बाबूनं दोरी ओढली आणि बस हलली.

तेवढ्यात मुळ्यांच्या बेड्याचं फाटक ढकलून हरिश्चंद्र मुळ्ये बाहेर पडले. धोतराचा सोगा कमरेला खोचलेला आणि खांद्यावर आंब्यांचा खोका. मुंबईच्या मुलाला, मुकुलला, पाठवायचे आंबे. स्टँडवर मुंबईला जाणारं कुणी ओळखीचं भेटलं तर त्याच्या हाती द्यायचे, आणि हीच बस मांडवीहून परतताना स्टँडवर सोडेल, या हिशेबानं ते निघाले होते. बस हललेली पाहून ते धावू लागले. सत्तरीच्या माणसानं खोका घेऊन गडगा आणि गटार यांच्यामधून धावणं म्हणजे काय ते त्या आळीतल्यालाच कळेल. हलणाऱ्या फरशीवर पाय पडला, ते डगमगले, खोका एका बाजूला कलला.

माणसाशी वैर असेल, पण आंब्यांशी कुणाचं वैर नव्हतं. चिंतामणरावांचा हात पाठीमागून सुटून थेट डोक्यावर गेला आणि कोर्टात पुकारा करायच्या आवाजात ते ओरडले, "थांबा!"

बस करकचून थांबली. आणि मुळ्येही थांबले.

जिथल्या तिथं, एक पाय फरशीवर आणि एक अधांतरी, खोका सावरत ते थांबले आणि चिंतामणरावांकडे पाहू लागले. खिडकीतून मालिनीबाईंना दोघांचेही चेहरे दिसत होते. बसमधले लोक खिडक्यांकडे सरकले.

"मला म्हणालात?" मुळ्यांनी विचारलं.

मालिनीबाईंना वाटलं, आता हे म्हणतील, 'तुम्हांस नव्हे, बसला.' खरं तेच होतं. एवढं म्हटलं की संपलं, मग आणखी वीस वर्षं. चिंतामणरावांनी बसकडे पाहिलं, खांबावरच्या पाटीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. वर गेलेला हात खाली घ्यायचा ते विसरले होते.

"हो," ते म्हणाले. "तुम्हांसच."

"का?"

चिंतामणरावांची नजर खोक्यावर गेली आणि आवाजात जोर आला. "खोका असा धरतात? देठाकडची बाजू दबेल. मुंबईस पोचेपर्यंत काळे पडतील."

"धरायला दुसरा हात कुठाय? गटारात पडू?"

"थांबा म्हटलं ना," असं म्हणून चिंतामणराव पुढं गेले आणि खोक्याची एक बाजू त्यांनी धरली.

आता दोघं मिळून बसकडे निघाले, आणि तिथंच अडलं. एक गडग्याकडून, एक गटाराकडून, मध्ये खोका. पण वाट पुरेना. चिंतामणरावांचं कोपर मुळ्यांच्या गडग्याला खरचटलं. जागा बदलली, तर मुळ्यांचा पाय गटाराकडे. चार पावलांवर सोहोन्यांचा गडगा लागला आणि त्यानं मुळ्यांचा सदरा धरून ठेवला. शेवटी दोघं खेकड्यासारखे आडवे चालू लागले. बसमध्ये कुणीतरी फिसकन हसलं आणि बाबूनं त्याच्याकडे डोळे वटारले.

"इथून दोन माणसं जातच नाहीत," मुळ्ये धापा टाकत म्हणाले. जणू हे त्यांना आजच कळत होतं.

"तेच तर पोरगी सांगत्ये महिनाभर."

"दोन हात मागं घ्यायला हवेत गडगे."

"हवेत."

दोघंही उभे राहिले. खोका दोघांच्या मध्ये. मालिनीबाईंना कळलं की आता तोच शब्द येणार. आळीला कळलं, बसला कळलं.

"पण आधी कोणी?" मुळ्यांनी विचारलं.

चिंतामणरावांनी कोपरावरचं रक्त पाहिलं. "आधी कशाला," ते म्हणाले. "एकदम घेऊ."

मुळ्यांनी विचार केला. कोर्टाची सवय, त्यांनी हे वाक्य उलटसुलट करून पाहिलं असणार. त्यात कुणाची हार दिसेना. "एकदम चालेल," ते म्हणाले.

"ठरला का काका?" बाबूनं दारातून विचारलं. "मंग चढताव ना? मी डबल मारतंव."

मुळ्ये चढले. चिंतामणरावांनी खोका खालून आत सरकवला, देठाकडची बाजू वर आहे ना ते पाहून. बस निघाली, आणि मालिनीबाई त्या दिवशी झब्बूत सगळे डाव हरल्या, गंगाक्कानं एकदाही लबाडी न करता.

पुढचं भराभर झालं. गडगे पाडायच्या दिवशी ऋजुताला मध्ये उभं राहून एक-दोन-तीन म्हणावं लागलं, कारण पहिला चिरा दोघांनीही एकाच क्षणी काढायचा होता. दोघांच्या हातात पहारी, आणि नजर आपल्या गडग्यापेक्षा दुसऱ्याच्या गडग्यावर. "अडीच" असं कुठंच नसतं हे माहीत असूनही मुळ्ये अडीचला सुटले आणि पुन्हा मोजावं लागलं. एकदा सुरुवात झाली तेव्हा मात्र चुरस लागली आणि चिंतामणरावांचा गडगा ठरल्यापेक्षा चार बोटं जास्तच मागं गेला. त्याच चिऱ्यांचा पदपथ झाला, मालिनीबाईंच्या गुडघ्याच्या मापाचा. खांब पक्का झाला, शेजारी बसायला बाक आलं. डेपोनं शब्द पाळला. दोन घरांमधला गडगा मात्र होता तिथंच राहिला. त्यावर बोलणं चालू आहे, पण ते आता एकमेकांशी.

पदपथावरून पहिल्यांदा बसला जायचं त्या दिवशी मालिनीबाई कुणाचा हात न धरता चढल्या. चिंतामणराव पिशवी घेऊन बरोबर होते, आणि पिशवी न्यायचं आता काही कारण नव्हतं. खांबापाशी ते हळूच म्हणाले, "एक सांगू? तेव्हा मी थांबा म्हटलं ते बसला. त्यांस नव्हे."

"ठाऊक आहे मला. मी खिडकीतच होत्ये."

"मुळ्यांस कळता कामा नये हो. त्यांना वाटतं मी आपण होऊन बोललो."

"मी कशाला सांगू," त्या म्हणाल्या. वळणावर बस दिसली, आणि त्यांच्या आधी चिंतामणरावांचा हात वर गेला.

संध्याकाळी खिंडारापाशी कढीलिंब घ्यायला आलेल्या कमळाबाई इकडे तिकडे पाहून म्हणाल्या, "एक सांगत्ये, तुमच्याकडे बोलू नका हं. हे काल म्हणाले, त्या दिवशी सोहोनी बसलाच थांबा म्हणाले होते, मला तेव्हाच कळलं होतं."

मालिनीबाईंनी हातातली डहाळी तशीच धरली. "मग थांबले कशाला?"

"मी पण तेच विचारलं," कमळाबाई म्हणाल्या. "तर म्हणाले, कुणीतरी थांबा म्हटल्यावर थांबायचं मनात होतंच, ते म्हणायला वीस वर्षं कुणी नव्हतं."